भिंतीवरची स्तोत्रे

इ. स. ४३० चा उन्हाळा. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हिप्पो या रोमन नगराला व्हँडल टोळ्यांनी वेढा घातला होता. समुद्राकडची वाटही त्यांनी अडविली होती. आसपासच्या प्रदेशातून जीव बचावून आलेली माणसे, त्यांत अनेक बिशपही, नगराच्या तटाआड आश्रयाला येऊन राहिली होती. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात त्या नगराचा वृद्ध बिशप तापाने अंथरुणाला खिळला. दाविदाच्या स्तोत्रांपैकी पश्चात्तापाची म्हणून जी थोडी स्तोत्रे आहेत, ती त्याने पानांवर उतरवून घेतली आणि ती पाने आपल्या अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावविली. पडल्या पडल्या तो ती वाची आणि रडे. मृत्यूच्या सुमारे दहा दिवस आधी त्याने सांगून ठेवले की, वैद्य येतील किंवा अन्न आणले जाईल तेवढा वेळ सोडून खोलीत कोणीही येऊ नये. २८ ऑगस्ट रोजी त्याने देह ठेवला. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तर वर्षांचे होते.

हा बिशप म्हणजे ऑगस्टीन. हे सारे लिहून ठेवणारा पॉसिडियस हा त्याचा शिष्य. तो कालामा गावचा बिशप होता आणि वेढ्याच्या काळात हिप्पोतच आश्रयाला होता. त्याने लिहिलेले चरित्र साधे, निरलंकार आहे आणि म्हणूनच विश्वसनीय वाटते.

ज्या पुरुषाने आपल्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे स्तोत्रसंहितेच्या दीडशेही स्तोत्रांवर भाष्य करण्यात घालविली, ज्याचे ते भाष्य त्याच्या सर्व ग्रंथांत विस्ताराने मोठे आहे, त्याने शेवटच्या दिवसांत भाष्य जवळ घेतले नाही. मोजकी चार पाने भिंतीवर लावून घेतली. ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला तिचा अर्थ नीट लागला नव्हता. वरवर पाहता हे एका भाविक म्हाताऱ्याचे मरण आहे, यापलीकडे त्यात काही नाही. परंतु ऑगस्टीन या स्तोत्रांपर्यंत कोणत्या वाटेने आला आणि त्याला त्यांत आश्रय कसा सापडला, हे पाहू लागले म्हणजे त्या भिंतीला निराळाच अर्थ येतो.

आरंभी थोडे स्तोत्रांविषयी. मराठी पवित्र शास्त्रात ज्या ग्रंथाला स्तोत्रसंहिता म्हणतात तो मुळात यहुदी लोकांचा प्रार्थनाग्रंथ आहे. दाविदाचे नाव त्याला चिकटले असले तरी सर्व स्तोत्रे एका हातची नाहीत आणि एका काळातलीही नाहीत. कित्येक शतकांचे ते संचित आहे. यहुदी लोक ती स्तोत्रे आपली म्हणून म्हणत आले आणि आजही म्हणतात. ख्रिस्ती मंडळीला ती वारशाने मिळाली, आणि तो वारसा तिने स्वीकारला याचे मुख्य कारण असे की, येशू ख्रिस्त स्वतः ती म्हणत असे. मत्तय आणि मार्क यांनी नमूद केले आहे की, वधस्तंभावर त्याच्या तोंडून जी आर्त हाक निघाली ती बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होय. देवाने आपल्याला टाकले, असे म्हणणारे हे शब्द देवाच्या पुत्राच्या तोंडी यावेत, ही त्या धर्मातील सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे. ऑगस्टीनची सारी वाट त्या एका हाकेपाशी जाऊन मिळते.

एक सूचना वाचकांच्या सोयीसाठी करतो. ऑगस्टीन लॅटिन भाषेत वाचत असे, आणि ते लॅटिन भाषांतर मूळ हिब्रूवरून नव्हे तर ग्रीक भाषांतरावरून केलेले होते. त्यात बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक हिब्रूतल्यापेक्षा एकाने कमी पडतो. येथे दिलेले क्रमांक मराठी शास्त्राप्रमाणे, म्हणजे हिब्रूप्रमाणे आहेत.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली थगास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अह्रास ते हेच. आई मोनिका ख्रिस्ती, भाविक. बाप पॅट्रिसियस अगदी मरणाच्या सुमारास ख्रिस्ती झालेला. मुलगा बुद्धिमान निघाला, कार्थेजला शिकला, वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक झाला. तारुण्यात त्याने पवित्र शास्त्र उघडून पाहिले, पण सिसेरोच्या घोटीव गद्यावर वाढलेल्या त्याच्या कानाला ती भाषा गावंढळ वाटली. पुढे सुमारे नऊ वर्षे तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात राहिला. हा पंथ जुना करार मानीत नसे. त्यातला देव त्यांना रानटी वाटे. जुन्या करारातच स्तोत्रे येतात. म्हणजे जी पाने पुढे त्याच्या मृत्युशय्येसमोर लागली, ती जेथून आली तो ग्रंथच या तरुण पंडिताने प्रथम भाषेच्या कारणाने आणि नंतर तत्त्वाच्या कारणाने बाजूला सारला होता.

३८४ साली तो मिलान येथे वक्तृत्वाचा सरकारी अध्यापक म्हणून गेला. तेथे अँब्रोज बिशप होता. ३८६ च्या सुमारास बालसम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा याची आई जस्टिना हिने नगरातील एक मंदिर आरियन पंथीयांसाठी मागितले. अँब्रोजने नकार दिला. शिपाई येतील या भीतीने लोक आपल्या बिशपाबरोबर मरावयाच्या तयारीने रात्रंदिवस मंदिरात बसून राहिले, आणि मोनिका त्यांत पुढे होती. लोक खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या रीतीने स्तोत्रे आणि गीते गाण्याचा प्रघात तेथे त्या वेळी पडला, असे ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनपर ग्रंथात सांगितले आहे. सत्तेच्या दडपणाखाली कोंडलेल्या लोकांनी गाण्याच्या आधाराने धीर धरावा, हे त्याने या काळात पाहिले. स्वतः तो त्या वेळी अजून बाहेरच होता.

३८६ च्या उन्हाळ्याअखेरीस मिलानच्या एका बागेत त्याचे मनःपरिवर्तन झाले, ती हकीकत सर्वश्रुत आहे. शेजारच्या घरातून येणारा मुलाचा आवाज, हाती आलेले पौलाचे पत्र, त्यातला एक उतारा. तिचा विस्तार येथे नको. मला महत्त्वाचे वाटतात ते त्यानंतरचे महिने. छातीच्या दुखण्याने आणि मनाच्या ओढीने त्याने नोकरी सोडण्याचे ठरविले. व्हेरेकुंडस नावाच्या स्नेह्याचे कॅसिसियाकम येथे शेतीवाडीचे घर होते. तेथे आई, मुलगा अदेओदातस, मित्र अलिपियस आणि दोन-चार शिष्य यांच्यासह तो जाऊन राहिला. काय वाचावे, असे अँब्रोजला पत्राने विचारले, तेव्हा उत्तर आले की यशया वाच. यशयाची सुरुवातच त्याला समजेना. ते पुस्तक त्याने पुढे कधीतरी म्हणून ठेवून दिले आणि स्तोत्रे उघडली. शिफारस झालेल्या ग्रंथापाशी अडावे आणि न सांगितलेल्या ग्रंथात मन रमावे, हा अनुभव पुष्कळांचा असेल.

चौथ्या स्तोत्राच्या वाचनाचे त्याने जे वर्णन केले आहे ते विलक्षण आहे. अवघ्या काही ओळींचे हे स्तोत्र. संकटात हाक मारणे, लोकांच्या खोटेपणाचा विषाद, रागावले तरी पाप न करणे, आणि अखेर निश्चिंतपणे निजणे, एवढाच त्याचा आशय. प्रत्येक ओळीला तो थांबतो, भयाने थरथरतो, आशेने पेटतो. आपले जुने मानीपंथी सोबती आठवून त्याला प्रथम संताप येतो, मग कीव येते. आपल्याला नकळत ते कोठेतरी जवळ उभे असते आणि आपल्या वाचण्यातला आवाज त्यांनी ऐकला असता तर, असे त्याला वाटते. त्याच स्तोत्रात देवाने आपल्या भक्ताला गौरविल्याचा उल्लेख आहे. तेथे त्याला पुनरुत्थित ख्रिस्त दिसतो, आणि ज्याला आपण इतकी वर्षे शोधीत फिरलो तो आधीच वर गेला होता व आपल्याला ठाऊक नव्हते, याचे त्याला दुःख होते. ज्या पुस्तकाला त्याने रानटी ठरविले होते ते पुस्तक आता त्याचीच गोष्ट सांगत होते.

त्या घरातल्या लहान गोष्टीही त्याने गाळल्या नाहीत, हा त्याचा मोठा गुण. एकदा त्याची दाढ इतकी दुखू लागली की बोलता येईना. तेव्हा मेणाच्या पाटीवर लिहून त्याने सर्वांना प्रार्थना करण्यास सांगितले. गुडघे टेकताच दुखणे गेले, असे तो म्हणतो. लिसेंटियस नावाचा त्याचा तरुण शिष्य एका स्तोत्रातील ओळ नव्याने शिकला होता. ती तो शौचकूपात मोठमोठ्याने गाऊ लागला. मोनिका रागावली. मुलाने विचारले की, कोणी शत्रूने मला येथे कोंडले असते तर देवाने माझी हाक ऐकली नसती काय? पोरवयातले हे उत्तर ऑगस्टीनने आपल्या एका संवादग्रंथात जपून ठेवले आहे. प्रार्थनेला शुद्ध जागा लागत नाही हे तत्त्व त्या मुलाने गमतीत सांगितले, पण पुढे त्याच्या गुरूने ते फार गंभीरपणे मांडले.

३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मायदेशी परतत असता रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली. तिला छप्पन्नावे वर्ष चालू होते, त्याला तेहतिसावे. तिने प्राण सोडला तेव्हा पोर अदेओदातस हंबरडा फोडून रडू लागला. त्याला सर्वांनी गप्प केले. मग एव्होडियसने स्तोत्रांचे पुस्तक घेतले आणि दया व न्याय यांचे गाणे गाणारे एकशे एकावे स्तोत्र म्हणण्यास आरंभ केला. सारे घर त्याला साथ देऊ लागले. ऑगस्टीन स्वतः त्या दिवशी रडला नाही. रडणे श्रद्धेला शोभणार नाही असे त्याला वाटत होते. रात्री एकटा असताना मात्र तो रडला, आणि आपल्या आईसाठी घटकाभर रडलो यात कोणाला पाप दिसत असेल तर दिसो, असा त्याच्या लिहिण्याचा भाव आहे.

३९१ साली हिप्पोमध्ये, आजच्या अल्जीरियातील अन्नाबा येथे, लोकांच्या आग्रहाने तो धर्मगुरू झाला आणि चार-पाच वर्षांत बिशप. स्तोत्रांवरचे भाष्य त्याच सुमारास सुरू झाले. काही भाग त्याने सांगून लिहविला. पण पुष्कळसा भाग म्हणजे हिप्पो, कार्थेज इत्यादी ठिकाणी भर सभेत दिलेली प्रवचने आहेत. ती लघुलेखकांनी जागच्या जागी टिपून घेतली. कोळी, व्यापारी, शेतमजूर, जमीनदार समोर उभे आहेत, मध्येच टाळ्या वाजवीत आहेत, आणि उन्हाळा फार झाला म्हणून बिशप आटोपते घेत आहे, हे सारे त्या टिपणांत उतरले आहे. त्या लघुलेखकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. माझ्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्या माणसाचे लक्ष तिकडे गेल्यावाचून राहत नाही.

त्याच्या आधीही स्तोत्रांवर लिहिणारे झाले होते. अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने मार्सेलिनस नावाच्या माणसास लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की, स्तोत्रे हा आत्म्याचा आरसा आहे. वाचणाऱ्याला त्यात स्वतःचे विकार दिसतात. ही कल्पना सुंदर आहे, पण आरशात एकटेच माणूस दिसते. ऑगस्टीनने विचारलेला प्रश्न निराळा होता: स्तोत्रात बोलतो आहे कोण?

बाविसाव्या स्तोत्रापाशी हा प्रश्न टोकाला गेला. ऑगस्टीनपुढच्या लॅटिन पाठात त्या आर्त हाकेच्या मागोमाग बोलणारा स्वतःच्या अपराधांचा उल्लेख करतो. ख्रिस्त निष्पाप, मग त्याच्या तोंडी ‘माझे अपराध’ ही भाषा कशी? ऑगस्टीनचे उत्तर असे की, हा शब्द मस्तकाच्या तोंडून आलेला शरीराचा शब्द आहे. ख्रिस्त हे मस्तक, मंडळी हे शरीर. दोघे मिळून एक पुरुष, आणि स्तोत्रात तो एक पुरुष बोलतो. आधार म्हणून तो दिमिष्काच्या वाटेवरची गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो. शौल छळीत होता ख्रिस्ताच्या अनुयायांना. पण स्वर्गातून आलेल्या वाणीने विचारले ते, तू मला का छळतोस, असे. त्याचा आवडता दाखला अगदी बाजारातला आहे. गर्दीत कोणी आपल्या पायावर पाय दिला तर ओरडते जीभ, आणि म्हणते, मला तुडविलेस. जिभेला तर कोणी स्पर्शही केलेला नसतो.

कचेरीत ज्याचा जन्म जातो त्याला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. ‘मला असे कळविण्याचा आदेश आहे’ अशी सुरुवात करून आम्ही कारकून जी पत्रे लिहितो, त्यांतला ‘मी’ कोण? हात आमचा, बोलणारे सरकार. उपमा क्षुद्र आहे हे मी जाणतो, आणि ती एकाच बाजूने लागू पडते. कचेरीत वरचा खालच्याच्या हातून बोलतो. खालच्याचे दुःख वरच्याच्या तोंडी ‘माझे’ म्हणून कधी येत नाही. ऑगस्टीनच्या म्हणण्याचा सारा भर त्या दुसऱ्या बाजूवर आहे. आमच्या वारकऱ्याला हे चटकन समजेल. ‘तुका म्हणे’ असे तो दुसऱ्याच्या नावाने म्हणतो आणि रडतो स्वतःसाठी.

आता इतिहासाच्या दृष्टीने एक अडचण आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. बाविसाव्या स्तोत्राच्या त्या जागी मूळ हिब्रूत अपराधांचा शब्द नाही. तेथे आक्रोशाचा, कण्हण्याचा शब्द आहे. ग्रीक भाषांतरात तो बदलला आणि लॅटिनमध्ये तसाच उतरला. असेच दुसरे उदाहरण आहे. पुष्कळ स्तोत्रांच्या मथळ्यावर गायकांच्या प्रमुखासाठी एक सूचना असते. ग्रीक-लॅटिन भाषांतरात तिचे ‘शेवटाकडे’ असे काहीतरी झाले. ऑगस्टीनला हिब्रू येत नव्हते. पौलाने ख्रिस्ताला नियमशास्त्राचा शेवट म्हटले आहे, म्हणून हा मथळा दिसला की तो श्रोत्यांना सांगे, हे स्तोत्र ख्रिस्ताकडे बोट दाखवीत आहे. बेथलेहेमात बसून हिब्रूवरून नवे भाषांतर करणारा जेरोम त्याचा समकालीन होता. दोघांत पत्रव्यवहारही होता. तरी लोकांच्या कानाला बसलेला जुना पाठ मोडावयाला ऑगस्टीन नाखूश असे.

तेव्हा त्याची इमारत भाषांतराच्या चुकीवर उभी आहे काय? मला तसे वाटत नाही. चूक हे निमित्त झाले. एका शरीराची कल्पना त्याने पौलापासून घेतली, आणि वधस्तंभावरची हाक तर भाषांतरावर अवलंबून नाहीच. मात्र या रीतीत धोका आहे हेही खरे. एकशे सदतिसाव्या स्तोत्राच्या शेवटी बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटण्याची भयंकर इच्छा आहे. ऑगस्टीन सांगतो की, लेकरे म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना आणि खडक म्हणजे ख्रिस्त. उपदेश म्हणून हे चांगले आहे. पण ज्या निर्वासितांनी ते शब्द प्रथम उच्चारले त्यांचे दुःख आणि त्यांचा सूड या अर्थात पुसला जातो. ज्यांचे स्तोत्र त्यांना त्यांचे बोलू द्यावे, एवढे तरी इतिहासाच्या अभ्यासकाने म्हटले पाहिजे.

त्याची रीत सर्वांत सरस उतरली आहे ती एकसष्टाव्या स्तोत्राच्या प्रवचनात, असे माझे मत आहे. त्या स्तोत्रात पृथ्वीच्या टोकांपासून हाक मारणारा एक जण आहे. ऑगस्टीन विचारतो की, एकटा माणूस पृथ्वीच्या टोकांपासून हाक कशी मारील? हाक मारणारा तो एक पुरुष जगभर पसरला आहे, हे त्याचे उत्तर. पुढे त्या स्तोत्रात खडक आहे आणि शत्रूपासून लपावयाचा बुरूज आहे. बुरूज म्हणजे ख्रिस्त. पण तो बुरूज कसा झाला? अरण्यात सैतानाने त्याची परीक्षा केली तेव्हा त्याच्यात आपलीच परीक्षा होत होती, असे ऑगस्टीन सांगतो. आपला देह, आपले मरण, आपला मोह त्याने घेतले. त्याचे जीवन आणि त्याचा जय आपल्याला दिला. म्हणून हल्ला होईल तेव्हा ख्रिस्ताची आठवण करणे हेच बुरुजात शिरणे. तारण याचा अर्थ संकट टळणे असा त्याने केला नाही. संकटात जो बोलतो तो एकटा नाही, हा त्याच्या आश्रयाचा पाया आहे.

गाण्याच्या गोडीविषयी मात्र तो सदैव साशंक राहिला. मिलानच्या मंदिरात गाणे ऐकून आपण रडलो होतो हे त्याला आठवे. तरी कधीकधी शब्दापेक्षा सुराने मन अधिक हलते, तेव्हा आपण पाप करतो असे त्याला वाटे. अथनेशियस वाचकाकडून स्तोत्र जवळजवळ बोलल्यासारखे म्हणवून घेई, तेच बरे, असे एकदा वाटे आणि पुन्हा मन फिरे. हा प्रश्न त्याने सोडविला नाही.

आणि आता त्याच्या चरित्रातला काळा भाग. ३०३ साली सम्राट डायोक्लिशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला, तेव्हा काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले. अशा लोकांच्या हातचे संस्कार व्यर्थ, असे म्हणणारा डोनेटस पंथ त्यातून निघाला. आफ्रिकेत गावोगाव दोन बिशप आणि दोन मंदिरे झाली. स्तोत्रे दोघेही म्हणत. पापी माणसाच्या तेलाने माझ्या मस्तकाला अभिषेक होऊ नये, अशा आशयाची एक ओळ डोनेटसपंथी ऑगस्टीनच्या पक्षावर फेकीत. ३९३ च्या सुमारास ऑगस्टीननेही त्यांच्याविरुद्ध एक लोकगीत रचले. वर्णमालेच्या क्रमाने कडवी, प्रत्येकाला धृपद, अभिजात छंद मुद्दाम सोडलेला, जेणेकरून अडाण्यालाही पाठ व्हावे. ३९५ साली हिप्पोत एका सणाच्या दिवशी त्याची मंडळी संध्याकाळपर्यंत आळीपाळीने वाचन आणि स्तोत्रगायन करीत होती, तेव्हा दुसऱ्या मंदिरातल्या मेजवानीचा गलबला त्यांच्या कानावर येत होता, असे त्याच्या एका पत्रात आहे.

येथवर स्पर्धा होती. पुढे राजसत्ता आली. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करू नये, असे ऑगस्टीनचे आरंभीचे मत होते. ते त्याने बदलले. ४०५ साली डोनेटसपंथाविरुद्ध शाही हुकूम निघाला, ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांची परिषद होऊन निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि पुढच्या वर्षी जबर दंड बसले. ऑगस्टीनने याचे लेखी समर्थन केले. जो पुरुष सांगत होता की पायाला चेंगरले म्हणजे जीभ ओरडते, त्याला शेजारच्या मंदिरातले ओरडणे आपल्याच शरीराचे वाटले नाही. किंवा वाटले म्हणूनच त्याने औषध म्हणून मार दिला. त्याचे चाहते दुसरे कारण देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. पुढच्या शतकांत ज्यांनी ज्यांनी श्रद्धेसाठी दंडुका उचलला त्यांना आधाराला ऑगस्टीन सापडला, ही गोष्ट त्याच्या नावावर राहिलीच.

४२९ साली गेन्सेरिकच्या नेतृत्वाखाली व्हँडल लोक स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरले. गावे जळाली, मंदिरे ओस पडली. होनोरातस नावाच्या एका बिशपने ऑगस्टीनला विचारले की, एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे ख्रिस्तानेच सांगितले आहे, मग आम्ही का पळू नये? ऑगस्टीनचे उत्तर पॉसिडियसने संपूर्ण जपून ठेवले आहे. ज्याच्या एकट्याच्या जिवावर शत्रू उठला असेल त्याने खुशाल जावे, कारण लोकांची सेवा करावयाला इतर आहेत. परंतु धोका सर्वांना सारखाच असेल आणि लोकांना जाता येत नसेल, तर ज्यांची त्यांना गरज आहे त्यांनी जाऊ नये. अशा वेळी बाप्तिस्मा मागणारे, क्षमा मागणारे, निदान सांत्वन मागणारे किती लोक मंदिराकडे धाव घेतात, हे तो एकेक करून सांगतो. तो स्वतः हिप्पोतच राहिला.

भिंतीवरच्या पानांवर कोणती स्तोत्रे होती, त्यांचे क्रमांक पॉसिडियस देत नाही. पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणून जी यादी पुढे रूढ झाली, ती सहाव्या शतकात कॅसिओडोरसच्या ग्रंथात आढळते. सहावे, बत्तिसावे, अडतिसावे, एकावन्नावे, एकशे दोनावे, एकशे तिसावे आणि एकशे त्रेचाळिसावे. ऑगस्टीनच्या भिंतीवर यांपैकी काही असावीत, एवढेच म्हणता येईल. पॉसिडियस असेही सांगतो की, बाप्तिस्मा घेतलेल्या सत्पुरुषांनी, धर्मगुरूंनीसुद्धा, यथायोग्य पश्चात्तापावाचून देह सोडू नये, असे गुरू नेहमी म्हणत असे.

दीडशे स्तोत्रांत ज्याने सर्वत्र ख्रिस्ताचा आवाज ऐकला, त्याने शेवटी निवडली ती विजयाची नव्हेत, गौरवाची नव्हेत, तर अपराधाची स्तोत्रे. ‘माझे अपराध’ हे शब्द निष्पापाच्या तोंडी कसे, हा प्रश्न त्याने एके काळी व्यासपीठावरून सोडविला होता. आता ते शब्द ज्याचे खरोखरच होते तो ते म्हणत होता. डोनेटसपंथीयांची आठवण त्याला त्या दहा दिवसांत झाली की नाही, हे त्या खोलीबाहेर कोणालाच कळले नाही. तटाबाहेर व्हँडल होते, आणि तटाच्या आत ज्या लोकांनी त्याच्या शब्दावर तेथे राहावयाचे पत्करले होते ते होते. रडत रडत पाने वाचणारा हा म्हातारा त्यांचा बिशप होता आणि त्याने दार बंद करून घेतले होते. मनुष्य एकांतात असतानाही एका शरीराचा अवयव म्हणून बोलू शकतो, असे तो आयुष्यभर शिकवीत आला होता.

त्याने मृत्युपत्र केले नाही, कारण, पॉसिडियस म्हणतो, त्या देवाच्या दरिद्री सेवकापाशी देण्यासारखे काही नव्हते. मंडळीचे ग्रंथालय आणि सर्व पोथ्या पुढच्या पिढ्यांसाठी काळजीपूर्वक राखाव्या, एवढी त्याची आज्ञा असे. वेढा चौदा महिने चालला. मग व्हँडल काही काळ मागे हटले. पुढे रहिवाशांनी सोडून दिलेले ते नगर शत्रूने जाळले. ४३७ साली गेन्सेरिकने पॉसिडियसलाही त्याच्या गावातून हाकलून लावले. परंतु गुरूच्या ग्रंथांची, प्रवचनांची आणि पत्रांची यादी त्याने तयार करून चरित्राला जोडली होती, आणि स्तोत्रांवरचे भाष्य सर्वच्या सर्व आपल्यापर्यंत येऊन पोहोचले आहे.